एसएमपीएसवरचे वॉट आणि विजेचे बिल

डेस्कटॉप संगणकाला हजार वॉटचा एसएमपीएस बसवला की विजेचा मीटरही हजार वॉटच्या वेगाने पळू लागतो, ही समजूत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सर्वत्र ऐकू येते आणि कितीदा खोडून काढली तरी पुन्हा डोके वर काढते. एसएमपीएस म्हणजे घरातील 230 व्होल्टच्या एसी विजेचे संगणकाला लागणाऱ्या 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणारा संच. त्यावरील वॉटचा आकडा ही त्याच्या क्षमतेची कमाल मर्यादा असून प्रत्यक्षात किती वीज लागणार, हे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि इतर भाग क्षणोक्षणी ठरवतात.

बिलात भर पडते ती रूपांतरात उष्णतेवाटे वाया जाणाऱ्या विजेची. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘80 प्लस’ प्रमाणन योजनेत मूळ दर्जाच्या संचाला 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षमता राखावी लागते; ‘गोल्ड’ दर्जासाठी 115 व्होल्टच्या चाचणीत हीच अट अनुक्रमे 87, 90 आणि 87 टक्के आहे. संगणकाची गरज 300 वॉट असेल, तर 80 टक्के कार्यक्षमतेचा संच मीटरमधून 375 वॉट ओढतो आणि 90 टक्क्यांचा सुमारे 333; रोज आठ तास असा भार राहिला तर महिन्याला दहा युनिटांचा फरक पडतो. समजुतीत तथ्य शोधायचेच झाले तर ते इतकेच, की हजार वॉटच्या संचावर जेमतेम 50 वॉटचा भार असेल तेव्हा त्याची कार्यक्षमता घसरते.

याउलट छापील आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारेही कमी नाहीत. कॅबिनेटसोबत आलेल्या संचावर ठळक अक्षरांत 450 वॉट लिहिलेले असते, पण लेबलावरील बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर असतील, तर त्या वाटेने मिळणार 12 गुणिले 16, म्हणजे अवघे 192 वॉट. आणि आजच्या संगणकाचा बहुतेक भार तर याच 12 व्होल्टवर असतो. इंटेलच्या कोअर आय5-12400 ची कमाल गरज 117 वॉट आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3060 ची 170 वॉट, म्हणजे मदरबोर्ड, डिस्क व पंखे धरून बेरीज साडेतीनशेच्या आसपास जाते. भार क्षणभर उसळतो हे लक्षात घेऊनही एनव्हिडिया या कार्डासाठी 550 वॉटचाच संच सुचवते. तरीही 850 वॉटचा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराने ही बेरीज एकदा करून पाहावी.

सुट्या केबलांचे संच कोणत्याही कंपनीच्या एसएमपीएसला चालतात, हाही भ्रमच. केबलच्या एसएमपीएसकडील टोकाच्या पिनांची रचना प्रमाणित नसल्याने चुकीच्या केबलने डिस्क जळू शकते. 600 व्हीएचा यूपीएस 600 वॉट देतो असेही नाही, कारण व्हीए आणि वॉट ही वेगळी मापे आहेत.

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या आल्या की एसएमपीएस बिघडला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. संचातील फिल्टर कपॅसिटर अर्थिंगशी जोडलेले असतात आणि घरात अर्थिंगच नसेल, तर त्यांतून येणारा सूक्ष्म प्रवाह धातूच्या कॅबिनेटवर जाणवतो. अशा वेळी आधी वायरमनकडून प्लग पॉइंटचे अर्थिंग तपासून घ्यावे. ते नसेल तर नवा एसएमपीएस आणूनही झिणझिण्या थांबणार नाहीत.