गुलाबाचे अत्तर : शिशी एक, वास वेगळा का?

डोंबिवली स्टेशनबाहेर, कल्याणात, मुंब्र्यात किंवा भिवंडीच्या बाजारात अत्तराचा छोटा धंदा करणाऱ्या कोणालाही विचारा, एक तक्रार त्याने ऐकलेली असतेच. "काका, दुकानात लावून दाखवलंत तो गुलाब वेगळा होता. घरी नेलेल्या बाटलीत भलतंच काहीतरी आहे." विक्रेता शपथा घेतो, गिऱ्हाईक मान हलवते, आणि तीन मिलीच्या एका शिशीपायी कायमचे गिऱ्हाईक तुटते. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. अत्तर तेच असते. दुकानात ते विक्रेत्याच्या मनगटावर होते, घरी गिऱ्हाइकाच्या, एवढाच काय तो फरक.

अत्तराचा धंदा कमी भांडवलात सुरू होतो, म्हणून अनेक होतकरू तरुण त्याकडे वळतात. माल कुठून आणावा, भाव काय लावावा याची माहिती त्यांना मिळते. पण हा वासाचा घोळ का होतो हे त्यांना कोणी नीट समजावून सांगत नाही, आणि नेमके तिथेच नाव खराब होते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की अत्तराचा गुलाब हा फुलबाजारातला गुलाब नव्हे. कल्याणच्या बाजार समितीत येणारी लांब दांड्याची, टपोरी, लाल फुले दिसायला देखणी असतात, त्यांना वास जवळपास नसतो. अत्तरासाठी लागतो तो दमास्क जातीचा गुलाबी, विरळ पाकळ्यांचा देशी गुलाब. उत्तर प्रदेशात अलीगढ-हसायन भागात आणि राजस्थानात पुष्करकडे त्याची शेती आहे. कनौजला ही फुले तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीच ठेवलेले चंदनाचे तेल तो सुगंध धरून ठेवते. हे झाले पारंपरिक अत्तर. चंदनाशिवाय काढलेले शुद्ध तेल म्हणजे रूह गुलाब. एक किलो तेलाला चार हजार किलोच्या आसपास फुले लागतात, म्हणून त्याचा भाव किलोला लाखांत जातो.

या तेलात एकच वास नसतो, शेकडो घटक असतात. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे मुख्य. लिंबाची किंचित झाक आणि गुलाबाचा ओळखीचा गोडवा त्यांच्यामुळे येतो. रोझ ऑक्साइड अगदी थोडे असते, पण पहिल्या क्षणी नाकाला लागणारा हिरवट तीक्ष्णपणा त्याचा. डॅमॅसेनोन तर नाममात्र असते, तरी मधासारखी, पिकल्या फळासारखी गोडी बरीचशी तेच देते. फिनाईल इथाईल अल्कोहोल पाण्यात विरघळते, म्हणून ते तेलापेक्षा गुलाबपाण्यात जास्त उतरते. (नावातला 'अल्कोहोल' वाचून गिऱ्हाईक दचकते. रसायनशास्त्रात एका मोठ्या कुळाचे ते नाव आहे, त्यात मेदापासून निघणारे ग्लिसरीनही येते. स्प्रेच्या बाटलीत असते ते इथाईल अल्कोहोल निराळे. हे विक्रेत्याला समजावून सांगता आले पाहिजे.) यातला प्रत्येक घटक आपापल्या वेगाने उडतो, आणि सगळ्यांत शेवटी चंदन मागे राहते. म्हणजे अत्तर ही एक मिरवणूकच म्हणा ना. ती किती वेगाने पुढे सरकते, ते अंगावर ठरते.

हे लिहिण्यापूर्वी आम्ही एक साधा प्रयोग करून पाहिला. पावसाच्या सुरुवातीच्या दिवसांत, डोंबिवली पूर्वेच्या एका घरात, चंदनावर काढलेले गुलाबाचे अत्तर एकाच शिशीतून, एकाच काचेच्या कांडीने चार जणांच्या मनगटाला लावले आणि एक थेंब कागदाच्या पट्टीवर घेतला. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि चार तासांनी वास घेतला.

कागदावर सगळे शिस्तीत झाले. आधी हिरवट, मग स्वच्छ गुलाब, संध्याकाळी मंद चंदन. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या नानांची कातडी कोरडी. त्यांच्या हातावर पहिली दहा मिनिटे गुलाब भरभरून आला आणि अर्ध्या तासात जणू जिरूनच गेला. नाक मनगटाला टेकवले तरच चंदन कळे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाची कातडी तेलकट. त्याच्यावर वास हळू उघडला, गोड आणि जड झाला, आणि संध्याकाळपर्यंत टिकला. त्याची बहीण मात्र म्हणाली, "ह्याला तर अगरबत्तीचा वास येतोय." भाभींच्या हातावर गुलाब सर्वांत सुरेख उमटला याबद्दल सगळ्यांचे एकमत झाले. पण त्या स्वतः पंधराव्या मिनिटाला विचारू लागल्या, "मला तर काहीच येत नाही, उडालं का?"

चौथे चाचा, एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात कामाला. ते नुकतेच ड्युटीवरून आले होते, कारखान्यातल्या साबणाने हात घासून. त्यांच्या मनगटावर गुलाब असा तिखट लागला की कोणालाही भेसळीचा संशय यावा. सुट्टीच्या दिवशी त्याच हातावर तेच अत्तर पुन्हा लावून पाहिले. स्वच्छ, शांत गुलाब! माणूस तोच, शिशी तीच, फक्त दिवस वेगळा.

चार माणसांचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, हे मान्य. तरी घडले त्याची कारणे सांगता येतात. कातडीवर स्निग्धांश असेल तर अत्तराचे घटक त्यात मुरतात आणि सावकाश बाहेर पडतात. कोरड्या कातडीवर त्यांना धरून ठेवणारे काही नसते. अंग गरम असेल, माणूस जिने चढून आला असेल, तर उडण्याचा वेग वाढतो, गुलाब लवकर निघून जातो आणि चंदन लवकर पुढे येते. अशा गिऱ्हाइकाला वाटते, आपल्याला गुलाबाच्या नावाखाली चंदन विकले.

दुसरे कारण अंगाचा स्वतःचा वास. ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतल्या ग्रंथींचा स्राव कातडीवरचे जंतू फोडतात तेव्हा तो तयार होतो, आणि हे जंतू व तो स्राव माणसागणिक निराळे असतात. खाण्याचाही त्यात वाटा असतो. प्राग येथील संशोधकांच्या २००६ सालच्या प्रयोगात दोन आठवडे मांस न खाल्लेल्या पुरुषांच्या घामाचा वास लोकांना अधिक बरा वाटला. तिथल्याच २०१६ सालच्या प्रयोगात मात्र लसूण भरपूर खाणाऱ्यांचा वास अधिक पसंत पडला, हे ऐकून आमच्या स्वयंपाकघरांना बरे वाटावे. आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग २०१२ साली त्याच शहरातून प्रसिद्ध झाला. काही जणांच्या काखेत त्यांनी स्वतः पसंत केलेले सुगंध लावले, आणि दुसऱ्याने ठरवून दिलेलेही. परीक्षकांना स्वतः निवडलेल्या सुगंधाचे मिश्रण अधिक आवडले. नुसते सुगंध हुंगले तेव्हा दोहोंत असा फरक नव्हता. याचा अर्थ, माणूस नकळत आपल्या अंगाला जुळणारा वास निवडतो. निवड गिऱ्हाइकाची असावी, विक्रेत्याची नव्हे, याला इतका चांगला आधार दुसरा नाही.

अत्तराच्या बाजारात छातीठोकपणे सांगितले जाणारे एक कारण म्हणजे कातडीची आम्लता. कातडी किंचित आम्लधर्मी असते हे खरे. पण तेवढ्याने गुलाबाचा कायापालट होतो यावर आमचा विश्वास नाही. त्याआधी साबण, खोबरेल, टाल्कम पावडर आणि शर्टाला लागलेली धुण्याची पावडर यांच्याकडे पाहावे. चंदनाच्या साबणाने नुकतीच अंघोळ केलेल्या माणसाला चंदनावरचा गुलाब विकणे म्हणजे डाळीत दुसऱ्यांदा मीठ घालणे.

आता नाकाबद्दल. भाभींना वास येईना, कारण सारखा येणारा वास नाक काही मिनिटांतच दुर्लक्षित करते. शेजारच्याला तो येत असतो. अत्तर टिकत नाही या तक्रारीतल्या बऱ्याच याच प्रकारच्या असतात, आणि मग ते गिऱ्हाईक दुप्पट अत्तर लावून आठ वाजताच्या लोकलमध्ये शिरते. शिवाय सगळ्यांची नाके सारखी नाहीत. वास ओळखणारी सुमारे चारशे प्रकारची ग्राहके माणसात असतात. अशा ग्राहकांची जनुके शोधल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले. गुलाबात अल्प प्रमाणात असलेले बीटा-आयोनोन काहींना फुलासारखे वाटते आणि काहींना आंबट, उग्र. हा फरक एका जनुकावर अवलंबून असल्याचे २०१३ साली दाखवले गेले. कोविडनंतर तर कित्येकांची घ्राणशक्ती बिघडली, ओळखीचे वासही त्यांना विचित्र येऊ लागले. अशा गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग भेसळ नसतेच का? असते, आणि भरपूर असते. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ मालाचा पाया डीईपी किंवा लिक्विड पॅराफिन असतो, आणि गुलाब प्रयोगशाळेत बनवलेला. कृत्रिम गुलाब ही फसवणूक नव्हे, तो रूह म्हणून विकणे ही फसवणूक आहे. साधा हिशेब करावा. रूहचा भाव किलोला दहा लाख धरला तर तीन मिलीची शिशी अडीच हजारांच्या पुढे जाते. शंभर रुपयांत कोणी 'असली रूह' देत असेल तर नाकाची गरजच नाही. शुद्ध रूहची आणखी एक खूण अशी की फ्रीजमध्ये ठेवल्यावर त्यात मेणाचे कण धरतात आणि हातात घेतल्यावर विरघळतात. ही खूण फक्त रूहची आहे, चंदनावरच्या अत्तराला ती लावू नये. शिवाय मेण वेगळे घालून तीही उठवता येते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नये.

कातडीचा दोष की मालाचा, हे ओळखायला कागदाची पट्टी पुरते. तक्रारीची शिशी आणि दुकानातली शिशी, दोन पट्ट्या, एकाच वेळी. दोन्ही वास पहिल्यापासून चार तासांपर्यंत सारखेच चालले, तर शिशीत बदल नाही, वेगळेपण अंगाचे आहे. मालच मुळात हलका असेल तर मात्र ही परीक्षा काही सांगणार नाही. पट्ट्या वेगळ्या निघाल्या तर गिऱ्हाईक खरे आहे. पैसे परत द्यावेत आणि घाऊक व्यापाऱ्याला गाठावे.

विकताना अत्तर विक्रेत्याने स्वतःच्या हाताला लावून पुढे करू नये. दिवसभरात त्या हातावर वीस अत्तरे चढलेली असतात. गिऱ्हाइकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक बारीक रेघ ओढावी आणि "ताई, बाजार करून या, मग सांगा" म्हणावे. अर्ध्या तासाने परत येणारे गिऱ्हाईक सहसा तक्रार घेऊन येत नाही. काही परत येणारच नाहीत, तेवढे नुकसान सोसावे. कोपराच्या त्या जागेला खाज किंवा लाली आली तर अत्तर देऊ नये, कारण जिरॅनिऑल व सिट्रोनेलॉल काहींच्या कातडीला सोसत नाही. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास देऊ नयेत. मध्येमध्ये कॉफीच्या बिया हुंगवण्याची फॅशन आहे, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दुकानाबाहेर पाच मिनिटे उभे राहणे पुरते, अर्थात बाहेरची हवा धड असेल तर. डोंबिवलीत २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. रंग गुलाबाचा, वास मात्र नव्हे.

लावण्याची जागाही सांगावी. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्याने मनगटाला लावलेले अत्तर पाण्याबरोबर झिजत जाते. कानामागे लावावे किंवा जुन्या पद्धतीने कानाच्या पाळीत फाया ठेवावा. सुती कपड्यावर वास शिशीतल्याच्या सर्वांत जवळ राहतो. पांढऱ्या झब्ब्याला मात्र डाग पडतो, आतल्या शिवणीला लावावे.

ज्यांना हे शास्त्र पुढे शिकायचे असेल त्यांनी आपल्याच रेल्वेमार्गावर पाहावे. १९२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या एस. एच. केळकर कंपनीने सुगंधी द्रव्यांत मराठी माणसाचे नाव केले, आणि केळकर ट्रस्टच्या मुलुंडमधील वझे महाविद्यालयाने सुगंध विषयाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही हा विषय शिकवला गेला आहे. कनौजला १९९१ साली स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, छोट्या व्यावसायिकांसाठी ते अल्प मुदतीचे वर्ग घेत आले आहे.

आणि ईदेला किंवा दिवाळीत कोणी भेट देण्यासाठी गुलाब मागितला, तर लावणारा माणूस समोर नसतो. अशा वेळी मोठ्या शिशीबरोबर एक मिलीची नमुन्याची शिशी वेगळी द्यावी. आधी ती लावून पाहायची, पसंत नसेल तर मोठी शिशी सील न फोडता बदलून मिळेल, एवढे पावतीवर लिहून द्यावे.