आमच्या घरी संप चालू आहे!

गेले सहा महिने माझ्या घरी संप चालू आहे. घाबरू नका, मोर्चा, घोषणा काही नाही. हा संप म्हणजे फिश टँकखालच्या कपाटात दडवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपने खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. फिल्टर, हीटर सगळी अडगळ खाली. वर फक्त मासे. एकदम कूल!

रेडीमेड संपची किंमत ऐकली आणि म्हटलं, बॉस, आपणच बनवू. २ फूट लांब, १ फूट रुंद, १५ इंच उंच जुनी टाकी घरात होतीच. हवे होते फक्त बॅफल, म्हणजे आतले काचेचे पडदे.

वरून पडणारं पाणी बुडबुडे घेऊन येतं. ते पंपात शिरले की पंप कुरकुरतो आणि वरची टाकी सोडावॉटरसारखी दिसते. उपाय म्हणजे एकेक इंचावर तीन काचा. पहिली आणि तिसरी तळाला चिकटलेली, मधली तळापासून इंचभर उचललेली आणि वरून दोघींपेक्षा उंच. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जातं. बुडबुडे वरच सुटतात.

मी उत्साहाच्या भरात काचा १३ इंच उंच लावल्या. जास्त पाणी, जास्त चांगलं, नाही का? मग एका रात्री दोन वाजता लाइट गेले. पंप थांबला आणि वरचं पाणी पाइपातून उलटं खाली यायला लागलं. माझ्या ३ फूट बाय १ फूट टाकीतलं १ इंच पाणी म्हणजे ७ लिटर. आलं २ इंच. संपात जागा जेमतेम ९ लिटरची. उरलेलं ५ लिटर थेट फरशीवर! सकाळी खालच्या काकू दारात. ‘अरे, आमच्या बेडरूमचं छत गळतंय रे!’ त्यांचा रंगाचा खर्च मी मुकाट्याने दिला.

तेव्हा कळलं, बॅफलची उंची बुडबुड्यांवर नाही, लाइट जाण्यावर ठरवायची. आता काचा ९ इंच, मधली ११ इंचांपर्यंत. शिवाय वर येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक भोक पाडलंय. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. फक्त ते भोक शेवाळाने बुजू द्यायचं नाही.

ट्राय करणार असाल तर

- काच आतल्या रुंदीपेक्षा ४ मिलिमीटर कमी कापून घ्या. सिलिकॉनला जागा हवी. कडा घासून घ्या.
- बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, माशांना घातक. मत्स्यालयासाठी चालणारंच घ्या.
- जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा. त्यावर नवं नीट धरत नाही.
- व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत पाणी भरू नका. किमान दोन दिवस थांबा.
- मासे सोडण्याआधी पंपाचं बटण मुद्दाम बंद करून बघा.

परवा पुन्हा लाइट गेले. मी कपाट उघडून टॉर्च मारला. पाणी चढलं, काठाच्या बरंच खाली थांबलं. आणि मी चक्क झोपायला गेलो!