सांगाडा आधीचा, पेशी नंतरची

आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. अ‍ॅक्टिनचे तंतू पेशीला आकार देतात, तिला सरकवतात. ट्युब्युलिनच्या पोकळ नळ्यांवरून आतला माल इकडून तिकडे जातो आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रे वाटली जातात. केंद्रक असलेल्या पेशींचीच ही मिरास, जिवाणूंकडे असले काही नाही, असे कित्येक वर्षे शिकवले गेले. माझ्या मते पुरावा आता नेमका उलट बोलतो: सांगाड्याचे धागे आधी होते, म्हणून अशी पेशी घडू शकली.

यातला एक बोलका पुरावा पुण्यात, पाषाणच्या आयसर संस्थेत मिळाला. पनंघाट गायत्री यांचा गट तिथे स्पायरोप्लाझ्मा या जिवाणूवर काम करतो. संत्र्या-मोसंबीच्या झाडांना रोग लावणाऱ्या त्याच्या एका प्रजातीला पेशीभित्तिकाच नाही, तरी अंगाचा पीळ टिकतो. बाहेरून आधार नाही म्हणजे आकार आतूनच येत असणार. या प्रजातीच्या एका वाणाचा पीळ हरवलेला होता आणि त्याच्यात एमआरईबी-५ या प्रथिनाचे जनुक निकामी होते. चालू जनुक आत घालताच पीळ परतला. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. एमआरईबी हे अ‍ॅक्टिनचे जिवाणूंमधले भावंड. ट्युब्युलिनचे भावंड एफटीएसझेड. जिवाणू जिथे दुभंगतो तिथे त्याचे कडे तयार होते, हे १९९१ मध्ये दिसले.

भावंड म्हणायला आधार काय, ही शंका रास्त आहे. अमिनो आम्लांचा क्रम ताडून पाहिला तर शंभरात पंधराच्या आसपासच जागा जुळतात. एवढे साम्य योगायोगानेही येईल. पण काळाच्या ओघात क्रम झिजतो, घडी टिकते. १९९८ साली ट्युब्युलिन आणि एफटीएसझेड यांच्या त्रिमितीय रचना उलगडल्या, तेव्हा घडी एकच निघाली आणि इंधनाचा, म्हणजे जीटीपीचा, रेणू बसतो तो खळगाही तोच. २००१ मध्ये एमआरईबी आणि अ‍ॅक्टिनचेही तसेच ठरले. घडी, इंधनाची जागा आणि धागा विणण्याची रीत, तिन्ही गोष्टी दोनदा स्वतंत्रपणे जमून आल्या, हे मला पटत नाही.

तरी जिवाणू आणि आपण यांच्यात दरी फार मोठी. ती अ‍ॅसगार्ड आर्किया या केंद्रक नसलेल्या सूक्ष्मजीवांनी बरीच बुजवली. २०१५ मध्ये आर्क्टिक महासागराच्या तळच्या गाळातून त्यांची जनुके वाचली गेली. त्यांत आपल्या अ‍ॅक्टिनशी निम्म्याहून अधिक जुळणारे प्रथिन होते. ही नमुन्यातली भेसळ असेल, असा आक्षेप आला, आणि जिवंत पेशी हाती नसेपर्यंत त्याला वजनही होते. मग जपानी संशोधकांनी बारा वर्षे खपून असा जीव वाढवला (२०२०), आणि २०२३ मध्ये त्याच्याच एका नातलगाच्या पेशीत, तिच्या लांब फाट्यांपर्यंत पसरलेले अ‍ॅक्टिनचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसले.

मग जिवाणू साधेच का राहिले? पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये जुन्या लेथला सीएनसी कंट्रोल बसवतात, बेड तोच राहतो. इथेही धागे जुनेच, भर पडली ती त्यांच्यावर चालणाऱ्या मोटर-प्रथिनांची. नळ्यांवरून धावणारे कायनेसिन आणि अ‍ॅक्टिनवर चालणारे मायोसिन जिवाणूंत नाहीत, अ‍ॅसगार्डमध्येही आजवर मिळालेले नाहीत. या दोघांचा गाभा मात्र एकमेकांसारखा आहे, हे १९९६ मध्येच कळले. म्हणजे त्यांचा पूर्वज एकच असावा, आणि आता शोध घ्यायला हवा तो त्याचा.