फिरत्या कोर्टाचा एक दिवस

पहाटे पाच. अंगणात घोड्यांना खरारा सुरू झाला की सराईतल्या कुणालाच झोप लागत नाही. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांची रात्र मात्र त्यातल्या त्यात बरी गेलेली असते. वकील एकेका पलंगावर दोघे-दोघे, पण डेव्हिस यांचं वजन तीनशे पौंडांच्या वर असल्याने त्यांना पलंग एकट्याला मिळतो.

हा 1850 च्या आसपासचा इलिनॉय. 1848 मध्ये निवडून आलेल्या डेव्हिस यांच्याकडे आठवं सर्किट आहे, त्यात 14 काउंट्या. वसंतात एक फेरी, शरदात दुसरी. पगार वर्षाला 1000 डॉलर.

सहा. न्याहारीला एकच लांब टेबल. न्यायाधीश, वकील, ज्युरीतले शेतकरी, साक्षीदार, आणि जामिनावर सुटलेला आरोपी असलाच तर तोही त्याच पंगतीला. जेवणाचा दर्जा कसा, हे डेव्हिस यांच्या पत्रांतून कळतं. घरी ब्लूमिंग्टनला पत्नी सॅराबाईंना लिहिताना चिखल, अस्वच्छ सराया आणि वाईट अन्न यांची तक्रार ते सतत करतात.

सात. दोन घोड्यांची बग्गी निघते. प्रेअरीतली वाट म्हणजे पावसाळी दिवसांत निव्वळ राड, ओढ्यांवर पूल नाहीत. उतार शोधायला पुढे धाडायचे ते वकील अब्राहम लिंकन यांना, कारण सगळ्यांत लांब पाय त्यांचे.

अकरा. काउंटीच्या गावी कोर्ट भरतं. बरेचसे खटले वकिलांच्या हाती इथे पोचल्यावरच पडतात; झाडाखाली अशिलाची हकीकत ऐकायची आणि तसंच आत शिरायचं. उधारी, अब्रुनुकसानी, जमिनीच्या हद्दी, दुसऱ्याच्या शेतात घुसलेली डुकरं. डेव्हिस पुस्तकं फारशी चाळत नाहीत. माणूस खरं बोलतोय की नाही, एवढं त्यांना पटकन उमगतं. बाहेर जायची वेळ आली तर कधीकधी लिंकन यांनाच खुर्चीत बसवतात. आज असं कुणी केलं तर केवढा गहजब होईल!

रात्री आठ. खरी मैफल आता, न्यायाधीशांच्या खोलीत. लिंकन आल्याशिवाय डेव्हिस यांना चैन पडत नाही. एकदा तर तिथेच लुटूपुटूचं कोर्ट भरलं. आरोपी लिंकन, गुन्हा असा की अशिलाकडून फी फारच कमी घेतली आणि साऱ्या वकिलांच्या पोटावर पाय आणला. दंडही झाला.

माझ्या मते डेव्हिस यांचं पुढचं आयुष्य दिवसाच्या कोर्टाने नव्हे, या खोलीने ठरवलं. मे 1860 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात लिंकन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रतिनिधी जमवणारे हेच. 1862 मध्ये लिंकन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमलं. पण ही नेमणूक म्हणजे मिंधेपणा नव्हता. 1866 मध्ये मिलिगन खटल्यात, नागरी न्यायालयं चालू असताना नागरिकांवर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालवता येत नाही, असा निकाल त्यांनी लिहिला, आणि मिलिगनवरचा तो खटला लिंकन यांच्या काळातल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच चालवला होता.

रात्री अकरा. शनिवार असता तर बहुतेक वकील घरी पळाले असते. लिंकन सहसा पळत नाहीत, आणि न्यायाधीशांना तर पळताच येत नाही. इथले कज्जे आटोपले की पुढच्या काउंटीला बग्गी जोडायची.