गुंगीवरचा उतारा

१९५७ साली न्यू जर्सीतल्या नटली येथे रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली होती. मन शांतवणाऱ्या औषधाच्या शोधात लिओ स्टर्नबाख यांनी घडवलेली सुमारे चाळीस संयुगे निकामी ठरली होती. वरिष्ठांनी त्यांना दुसऱ्या कामाला जुंपले होते. जुने नमुने टाकून देताना सहकारी अर्ल रीडर यांचा हात एका स्फटिकरूप संयुगापाशी थबकला. त्याची चाचणी राहूनच गेली होती! ती झाली आणि त्यातून १९६० मध्ये लिब्रियम, पाठोपाठ १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात अवतरले. भेदरलेला रुग्ण एका गोळीने निवांत होऊ लागला. पण गुंगी नको तितकी चढली तर? रुग्णाचा श्वास सांभाळत ती उतरण्याची वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

१९७७ मध्ये डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ही औषधे मेंदूत नेमकी कोठे बसतात ते हुडकले. तेव्हा स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे रोशचेच रसायनज्ञ वॉल्टर हुंकेलर नवे शामक घडवू पाहत होते. त्यांची काही संयुगे परीक्षानळीत त्या जागेला घट्ट चिकटत; प्राण्यांना दिली की मात्र ना गुंगी, ना शैथिल्य. पुन्हा अपयश! पण मग तर्काने उलटी उडी घेतली. जे जागा अडवते आणि स्वतः काहीच करत नाही, ते आधीच्या औषधाला हुसकावून लावील काय? डायझेपामने गुंगलेल्या प्राण्यांना ते देण्यात आले. प्राणी सावध झाले! १९८१ मध्ये हुंकेलर, विली हेफेली व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मधून हा उतारा जगापुढे मांडला. तोच फ्लुमाझेनिल.

मात्र उताऱ्यालाही मर्यादा निघाल्या. शिरेतून थोडाथोडा दिलेला फ्लुमाझेनिल मिनिटा-दोन मिनिटांत शुद्धीवर आणतो, पण तासाभरात ओसरू लागतो; डायझेपाम त्याहून कितीतरी वेळ रेंगाळते. मग गुंगी पुन्हा चढते. वर्षानुवर्षे अशा गोळ्या घेणाऱ्याला या उताऱ्याने झटकेही येऊ शकतात. अफूवर्गीय औषधांपुढे तो निष्प्रभ. तेथे नालोक्सोन लागते. आणि श्वास मंदावला, तर आधी श्वासमार्ग व प्राणवायू, उतारा नंतर.

म्हणून धडगावहून चांदसैली घाट उतरून नंदुरबारला दाढ काढायला आलेल्या माणसाला शामकाची गुंगी जास्त चढली आणि उतारा द्यावा लागला, तर त्याने डोळे उघडताच त्याला परतीच्या वाटेला लावू नये. निदान दोन तास त्याला नजरेखाली ठेवावे, सोबतीशिवाय सोडू नये. रुग्णानेही झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.