नोकरी मिळवून देण्याचं शास्त्र

‘मुलगी पीएचडी करतेय? कशात?’ ‘रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंगमध्ये.’ आपल्या पॉटलकमध्ये असं उत्तर आलं की क्षणभर सगळे गप्प. कुणाला वाटतं दारू सोडवण्याचं केंद्र, कुणाला फिजिओथेरपी. आम्हालाही तसंच वाटायचं. यंदाचा निधी अपंग मुलांच्या नोकरीच्या प्रशिक्षणासाठी आहे, म्हणून आम्ही थोडी माहिती काढली.

अपंग माणसाला जमेल, आवडेल असं पगारी काम मिळावं आणि ते टिकावं, यासाठी जो मदत करतो तो रिहॅबिलिटेशन काउन्सेलर. हे शिक्षण द्यायला १९५४ च्या कायद्याने विद्यापीठांना सरकारी पैसा मिळाला आणि विषय उभा राहिला. काउन्सेलर व्हायला साधारणपणे मास्टर्स लागतं. प्राध्यापकी आणि संशोधन करायचं तर पीएचडी.

पण यात संशोधन कसलं करणार? आम्ही इंजिनियर, आम्हाला आकडे लागतात. ते इथे आहेत! व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात पॉल वेमन यांच्या गटाने ऑटिझम असलेली ४० मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. २४ जणांना शाळेच्या शेवटच्या वर्षी हॉस्पिटलमध्ये नऊ महिने प्रत्यक्ष काम शिकवलं. १६ जणांना शाळेची नेहमीचीच मदत. २०१४ साली निकाल छापून आला: पहिल्या गटातल्या २१ जणांना नोकरी लागली, दुसऱ्यातल्या एकाला. प्रयोग छोटा खरा, पण २१ आणि १! मुलं तशीच, फक्त पद्धत वेगळी.

दुसरं संशोधन रटगर्स आणि सिरॅक्यूज विद्यापीठांतल्या मंडळींचं. त्यांनी अकाउंटिंगच्या हजारो जागांसाठी काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त काही अर्जांत अपंगत्वाचा उल्लेख. त्या अर्जांना २६ टक्के कमी प्रतिसाद आला. अनुभवी उमेदवारांनाही तेच भोगावं लागलं. फरक जास्त दिसला तो १५ पेक्षा कमी नोकर असलेल्या छोट्या खासगी कंपन्यांत, जिथे १९९० चा एडीए कायदा लागूच होत नाही.

हे वाचून आम्ही जरा चपापलो. तशा कंपन्या आपल्यातल्याही कितीतरी जणांच्या आहेत.

आणखी एक. शाळेची मदत एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी संपते. पुढची मदत राज्याच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन कचेरीकडून मिळते, पण ती आपण होऊन मागावी लागते. २०१४ च्या कायद्यामुळे नोकरीची पूर्वतयारी शाळेत असतानाच मागता येते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आपल्यातले काही पालक तिथवर जातच नाहीत.

तेव्हा मंडळी, चेक तर द्याच. शिवाय आपल्या ऑफिसात एका मुलाला काही महिने काम शिकायला घेता येईल का, तेही देणगीच्या फॉर्मच्या मागे लिहून द्या.