मसुऱ्यास रुजू

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव प्रथमच पाहणाऱ्याच्या नजरेत भरतात ते गड नदीच्या, म्हणजेच पुढे कालावलच्या खाडीच्या, दोन तीरांवर समोरासमोर उभे असलेले दोन किल्ले: अलीकडे वाडीकर सावंतांचा भरतगड आणि पलीकडे बावड्याच्या पंत अमात्यांचा भगवंतगड. शिवाजी महाराजांनी १६७० च्या सुमारास मसुऱ्याची टेकडी गड बांधण्याच्या इराद्याने पाहिली, परंतु पाण्याची वानवा लक्षात घेऊन तो बेत सोडून दिला, आणि पुढे फोंड सावंतांनी विहीर खणून तीस पाणी लागल्यावर १७०१ मध्ये गड पुरा केला, असा वृत्तान्त जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. समोरचा गड ज्यांचा, त्या अमात्य घराण्यातील रामचंद्रपंतांच्या नावावर जी ‘आज्ञापत्र’ नामक राजनीती प्रसिद्ध आहे, तिच्यात गडावरील अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा नियमच घालून दिला आहे: हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत. माणूस एका जागी फार काळ राहिला म्हणजे त्याचे हितसंबंध तेथे रुजतात आणि मग त्याची निष्ठा विभागते, हे त्यामागील शहाणपण. महाराष्ट्र शासनाने बदल्यांच्या विनियमनासाठी २००५ साली जो अधिनियम केला, त्यातही सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचाच ठेवलेला आहे. सल्तनती गेल्या, कंपनी सरकार गेले, कागदाची भाषा बदलली. हवालदाराच्या वाट्याची तीन वर्षे मात्र तशीच राहिली, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

नोकरीनिमित्त मसुऱ्यास येऊन राहणे ही गोष्ट अशी जुनी असली, तरी तिच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. लिहिले जाते ते येथून गेलेल्यांविषयी. मुंबईच्या गिरण्या, गोदी, पोलीसदल आणि छापखाने यांना दक्षिण कोकणाने पिढ्यानपिढ्या माणसे पुरविली. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. महाराष्ट्राची एकंदर लोकसंख्या वाढत असताना जो जिल्हा घटतो, त्याच्या वाड्यांतून हिंडताना घरांच्या दारांवरील कुलपे दिसावीत यात नवल नाही. आणि नेमक्या याच कुलपांमुळे परगावाहून रुजू होण्यास आलेल्या शिक्षकाला, परिचारिकेला, तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला डोक्यावर छप्पर मिळते. नोकरीसाठी गेलेल्याच्या घरात नोकरीसाठी आलेला राहतो.

या भाडेकराराला मुद्रांक नसतो आणि साक्षीदार म्हणून सारी वाडी असते. किल्ली शेजारच्या काकींपाशी, मालक बोरिवलीस किंवा डोंबिवलीस, बोलणी दूरध्वनीवर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन, मागे रहाट बसविलेली विहीर. भाडे शहराच्या मानाने नाममात्र असते, परंतु अटी असतात, आणि त्या ऐकून घाटावरच्या माणसाला आरंभी थोडे बुचकळ्यात पडल्यासारखे होते. देवघराची खोली भाड्यात धरावयाची नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा मात्र भाडेकरूने लावावयाचा. उन्हाळ्यात आंबा-फणस उतरेल त्याचा वाटा मुंबईस पाठवावयाचा. आणि गणेशचतुर्थीला मालकाचे सारे कुटुंब येईल तेव्हा घर मोकळे करून द्यावयाचे, अथवा एका खोलीत आवरून राहावयाचे. यातील शेवटची अट जाचक खरी. तरीही तिच्यामुळे भाडेकरू आणि मालक वर्षातून एकदा एका पंगतीला बसतात, आणि ते कोणत्याही लेखी कराराने साधले नसते असे माझे मत आहे.

सरकारी नियमाला ही पंगत ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ते ‘मुख्यालय’. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहिले पाहिजे आणि तो राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव जोडला तर घरभाडे भत्ता मिळावा, या दंडकावरून राज्यभर कर्मचारी संघटना आणि प्रशासन यांच्यात पुष्कळ वाद झडले आहेत. ज्यांची मुले कणकवलीस किंवा कुडाळास शाळेत जातात, ते तेथेच बिऱ्हाड करून रोज जा-ये करतात, आणि त्यांच्या अडचणीला उत्तर देणे सोपे नाही. तथापि गावात राहणारा आणि गावात येणारा यांच्यात भेद आहेच, आणि तो ठरावावाचून गावाला कळतो. संध्याकाळची शेवटची गाडी गेल्यावर जो दिसतो, तो राहणारा.

राहणाऱ्याची पहिली परीक्षा पाऊस घेतो. लातूर, बीड किंवा सोलापूरकडील माणसाने पाऊस पाहिलेला असतो तो बहुधा आभाळाकडे डोळे लावून. येथे जूनपासून जो वर्षाव सुरू होतो तो वाळत घातलेले कपडे, पोथ्या, चपला आणि मनुष्याचा स्वभाव या सर्वांना बुरशी आणल्यावाचून राहत नाही. मेअखेरपर्यंत लाकूडफाटा पडवीत रचावा, कौले शाकारून घ्यावीत, मीठ, मसाला, कुळीथ, कोकमे आणि सुके बांगडे यांची बेगमी करावी, हे त्याला कोणी आज्ञापत्र काढून सांगत नाही. १ जून ते ३१ जुलै समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात ताजी मासळी दुर्मीळ होते आणि खाडीत कोणाला काही मिळाले तर त्याची वर्दी घरोघर पोहोचते. जुलैच्या मध्याला, आठ दिवस सूर्यदर्शन झालेले नसताना, नवा गुरुजी हताशपणे पावसाविषयी काही बोलला की शेजारी शांतपणे विचारतो, ‘‘अजून खय पाऊस, गुरुजीनू?’’ या प्रश्नाला उत्तर नसते. वीज जाते, रस्त्यावर झाड पडते, मग चार माणसे कोयते घेऊन येतात; त्यांत गुरुजीही असला की त्याचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम बोलीचे. वर्गातील मूल प्रमाण मराठी समजते, पण ‘‘माका नाय गावला’’ असे म्हणते, आणि ते चुकीचे नसून निराळे आहे हे ध्यानात यावयास मराठवाड्याच्या शिक्षकाला एक सहामाही तरी लागते. त्याचे स्वतःचे ‘‘लई’’ आणि ‘‘काय करलालाव’’ ऐकून वर्ग हसतो, ही त्याची परतफेड.

परका माणूस गावाला काय देऊ शकतो, याचे कोकणातलेच एक ठळक उदाहरण मसुऱ्याच्या बरेच उत्तरेस, महाडजवळच्या बिरवाडीचे आहे. जालना भागातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. स्थानिकांना ते अंगवळणी पडलेले आणि वैद्यकाच्या पुस्तकांना फारसे ठाऊक नसलेले. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली, मृत्यू हृदय व फुप्फुसे निकामी झाल्यामुळे येतो हे ओळखले, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून मृत्यूचे प्रमाण फार खाली आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळ्यांनीच असे काही करावे अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. पण गावाला जे सवयीने दिसेनासे होते ते नव्याने आलेल्याला दिसते, एवढा या घटनेचा अर्थ खासच आहे.

मसुऱ्यात मात्र नव्याने आलेल्याला गावाचा पुरता पसारा दिसतो तो जत्रेला. ज्या आंगणेवाडीच्या भराडी देवीसाठी लाखो माणसे येतात, ती वाडी मसुऱ्याचीच. या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल होतो, शिकारीचा जुना विधी होतो आणि मगच दिवस जाहीर होतो, बहुधा फेब्रुवारी-मार्चमधील. तो कळताच मुंबईत रजेचे अर्ज पडतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एस. टी. आपले आगार हलविते. इकडे आरोग्य केंद्र, वीजकर्मचारी, पोलीस, ग्रामपंचायत यांच्या रजा मात्र त्याच दिवसासाठी बंद होतात. ज्याने फेब्रुवारीत बहिणीच्या मुलीच्या लग्नाला जाण्याचे ठरविले असेल, त्याने देवीचा कौल कसा होतो याची वाट पाहावी. वाडीतील स्त्रिया मौन पाळून नैवेद्य शिजवितात, बाहेर रांग मैलभर लांबते, आणि पाण्याच्या टाकीची चावी फिरविणारा परगावचा कर्मचारी त्या एका दिवशी सर्व गावाला नावाने माहीत होतो. शेजारच्या आचऱ्यास तर काही वर्षांच्या अंतराने गावपळण असते: ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहावयास जातो. तेव्हा मुख्यालयी कोण राहिले, हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही.

एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाहेरच्या जिल्ह्यांतील उमेदवार नेमले जातात, काही वर्षांनी आंतरजिल्हा बदली घेऊन स्वगृही जातात आणि वर्ग रिकामे पडतात, ही येथील डी. एड. झालेल्या बेरोजगार तरुणांची जुनी तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. उलट, आईबापांना म्हातारपणी सहाशे किलोमीटरवर टाकून आलेल्या शिक्षकाने घराकडे डोळे लावले तर त्याला दोष कसा द्यावा? मुंबईस गेलेल्या मसुरेकराचे डोळे तरी दुसरे कोठे लागलेले असतात! माझ्या मते खोट नियुक्तीच्या पद्धतीत आहे: कोण कोठे जाण्यास राजी आहे हे न विचारता जागा वाटल्या, की प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून बदलीच्या यादीत राहतो आणि बिऱ्हाडाची खोकी उघडतच नाही.

ज्यांनी ती उघडली, त्यांच्यापुढे कालांतराने एक वेगळीच अडचण येते. भाद्रपदात मालक येतात, आरती होते, उकडीच्या मोदकांची ताटे होतात, आणि पाचव्या दिवशी विसर्जनाहून परतताना ते सहज सांगतात की पुढल्या वर्षी सेवानिवृत्त होतो आहे, गावीच येऊन राहावे म्हणतो. घर रिकामे करावयाचे असते. पहिल्या खेपेस जागा शोधावयास भाडेकरूला महिना लागला होता. या खेपेस ‘‘आमच्या पुतण्याचा घर बंदच आसा’’ असे काकी घाटावरून वर चढता चढताच सांगून टाकतात, भाडे किती ते नंतर ठरते, आणि देवघरातील दिव्याची अट या वेळी कोणी बोलूनही दाखवीत नाही.